छापखान्यातून सिनेमाकडे

तंत्रज्ञानाच्या जोरावर उद्योग उभारणाऱ्या माणसावरचा मराठी चरित्रपट म्हटलं की आधी नाव घ्यावं ते परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चं. यात नंदू माधव झाले आहेत दादासाहेब फाळके, तर विभावरी देशपांडे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला आणि २००९ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठी निवडही झाली. ‘श्वास’नंतर हा मान मिळवणारा हा दुसराच मराठी चित्रपट.

फाळके मूळचे छपाईतले. भागीदारांशी बिनसलं, छापखाना सुटला आणि मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तपटाने डोक्यात नवा ध्यास भरला. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठलं. सिसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला कडेची भोकं पाडणारं यंत्र मागवलं. भांडवलदार सहजी पैसे सोडेनात, तेव्हा कुंडीतला वाटाण्याचा अंकुर थोड्याथोड्या वेळाने टिपून तो पडद्यावर भराभर वाढताना दाखवला. कर्ज मिळालं! कोरी फिल्म यायची ती बिनभोकांची. ती अंधाऱ्या खोलीत चाचपत यंत्रातून काढायच्या सरस्वतीबाई. हे श्रेय त्यांना ठळकपणे मिळायलाच हवं.

फाळक्यांचा चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. मोकाशींचा चित्रपट फाळक्यांच्या यशाच्या काळातच थांबतो. नाशिकमधली फाळक्यांची हलाखीची अखेर (१९४४) त्यात नाही. सूर शेवटपर्यंत हसता राहतो, आणि तो शोभतोही.