बैलाला औषध, गिधाडाला काळ

गिधाडाचे कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आपल्या भाषेनेसुद्धा त्याच्यावर राग काढला आहे. दुसऱ्याच्या मरणावर टपलेल्या माणसाला आपण गिधाड म्हणतो. आमच्या गावी बैल मेला की ओढ्यापलीकडे नेऊन टाकीत. आभाळात आधी एक ठिपका दिसे, मग दहा, आणि पाहता पाहता तिथे लग्नाच्या पंगतीसारखी दाटी होई. मागे हाडांचा सांगाडा तेवढा उरे. आम्ही पोरे नाक धरून पाहत असू. पण दुर्गंधी सुटायला शिल्लक राहतेच काय?

हा पक्षी नाहीसा होत आहे, हे ध्यानात आले ते भरतपूरच्या अभयारण्यात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश तिथे गिधाडांची मोजदाद करीत. १९९० नंतर त्यांना घरटी ओस पडलेली आणि पक्षी माना टाकून बसलेले दिसू लागले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात हजारी एक उरली!

रोग म्हणावा, तर रोगजंतू सापडेना. शेवटी हा गुंता सोडविला तो अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी पाकिस्तानातील पंजाबात २५९ मेलेली गिधाडे तपासली. त्यांपैकी २१९ पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर चुना फासावा तसा पांढरा थर! मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातले यूरिक आम्ल असे साचते. विषाणू पाहिले, कीटकनाशके पाहिली, शिसे-पारा पाहिला. सगळे निर्दोष सुटले. तेव्हा या मंडळींनी साधा प्रश्न विचारला : गिधाड खाते काय? ढोर. मग ढोराच्या पोटात जाते काय?

चौकशी औषधांच्या दुकानांत आणि गुरांच्या डॉक्टरांकडे सुरू झाली, आणि तिथे नाव पुढे आले डायक्लोफेनॅक! तुमच्या-माझ्या घरी गुडघा धरला की घेतो तेच हे औषध. मूत्रपिंडे बिघडून मेलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी केली, त्या पंचवीसही पक्ष्यांत ते सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातलेली गिधाडेही तशीच मेली. २००४ सालच्या जानेवारीत हा निष्कर्ष जगापुढे आला.

यात शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? बैल लंगडतो आहे, अंग तापले आहे. स्वस्तात गुण येतो म्हणून त्याने सुई टोचून घेतली. पण सुईनंतर एकदोन दिवसांत बैल मेला, तर तेच औषध गिधाडांच्या पंगतीत वाढले जाई. आणि अशी किती मढी विषारी असावी लागतात? केंब्रिजच्या ऱ्हीस ग्रीन यांनी हिशेब केला : हजारांत एक ते आठ! एका मढ्यावर जमणाऱ्या पक्ष्यांची संख्या ध्यानात घेतली म्हणजे हा आकडा पटतो.

गिधाडे गेली आणि मढी कुजू लागली. ताव मारायला कुत्री आली, त्यांच्यामागून पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती; पाणीही नासले. मुंबईत पारशी मंडळींना डुंगरवाडीवर सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन यांनी २०२४ साली हिशेब मांडला : जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती, त्या जिल्ह्यांत माणसांच्या मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले, २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली. ज्याला आपण अपशकुनी म्हणून हाकलले, तो फुकटात केवढी चाकरी करीत होता!

उपाय प्रिटोरिया विद्यापीठाच्या मंडळींना सापडला. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध गिधाडाला बाधत नाही, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले. २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ साली त्याही बंद केल्या. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक गुरांना देण्यावर बंदी आली. पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली गिधाडे २०२४ साली ताडोबा आणि पेंचच्या रानात आणली गेली.

आमच्या तालुक्याच्या दुकानात मी मध्यंतरी चौकशी केली. मेलॉक्सिकॅम मिळते, आणि परवडतेही. गिधाडाची मादी मात्र वर्षाला एकच अंडे घालते, आणि त्यातले पिलू वयात यायला पाचेक वर्षे लागतात.