पहिली मोटारसायकल : आधी पाय टेकवून पाहा

बारावीचा निकाल लागला, किंवा कारखान्याचे उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. खोकल्याचे औषध घेऊन झाल्यावर वडील खुर्चीतून उठता उठता विचारतात, "डॉक्टर, पोरगं गाडी मागतंय. कुठली घेऊ?" गाडीतले मला काय कळते, असे म्हणून पूर्वी मी हा प्रश्न टाळत असे. आता टाळत नाही. कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी कराडजवळच्या एका गावातले ओळखीचे गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, उंची पाच फूट तीन इंच, अंगाने किरकोळ. पक्के लायसन नुकतेच हातात पडलेले. "गाडी घेतोय, तेवढी तब्येत बघा," म्हणाले. मी छाती तपासली, ब्लडप्रेशर पाहिले आणि "ठणठणीत आहे, खुशाल घ्या," असे सांगून मोकळा झालो. कोणती गाडी, हे विचारले नाही. त्यांनी घेतली साडेतीनशे सी.सी.ची, वजन १९० किलोच्या आसपास. गणपती झाल्यावर मित्राला मागे बसवून पोरगा कासची फुले पाहायला निघाला. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढताना पुढे वाहनांची रांग लागली म्हणून चढावर थांबला. वेग शून्य. उजव्या पायाचा नुसता चवडा टेकला होता, तो बारीक खडीवरून घसरला आणि गाडी त्याच अंगावर आली. घोट्याजवळची दोन्ही हाडे मोडली, वर तापलेला सायलेन्सर पोटरीवर. प्लेट-स्क्रू घालावे लागले, तीन महिने घरात बसला, कॉलेजचे वर्ष गेले. तब्येत मी पाहिली होती, पण तब्येत आणि गाडी यांचा मेळ पाहायचे राहून गेले. ते पाच मिनिटांचे काम होते.

म्हणून आता मी पहिला प्रश्न विचारतो तो उंचीचा. सी.सी. आणि मायलेज नंतर. शोरूममध्ये गाडी स्टँडवरून खाली घ्यायला सांगावी, पायात रोजची चप्पल-बूट असावेत, आणि सीटवर बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का ते पाहावे. मुरलेला चालक एका पायावर गाडी तोलतो. नवशिक्याला दोन्ही पाय हवेत. मग खाली उतरून गाडी बंद ठेवून वीस पावले पुढे, वीस पावले मागे ढकलावी. शंभर-एकशेदहा सी.सी.च्या गाडीचे वजन साधारण ११० ते ११५ किलो असते, दीडशेच्या वर्गातली १४०-१५० च्या घरात जाते. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलाने आपल्या साडेतीनपट वजन चढावर, मागे माणूस बसवून तोलायचे म्हणजे अवघडच आहे. ढकलतानाच धाप लागली तर ती गाडी आपली नव्हे. शोरूमवाला "सवय होते" म्हणेल. सवय होते हे खरे, पण ती होईपर्यंतचे सहा महिनेच धोक्याचे असतात.

माझी स्वतःची पहिली गाडी १९९५ साली घेतलेली सेकंडहँड एम-८०. तिच्यावरून व्हिजिटला जाताना कंपाउंडर मागे बसत असे, पुढे पिशवी. दिसायला ओबडधोबड, पण दोन्ही पाय टेकत आणि चिखलात आडवी झाली तर एकट्याने उभी करता येई. शिकण्यापुरती जुनी, हलकी गाडी घेण्यात कमीपणा नाही. फक्त ब्रेक आणि टायर मेकॅनिककडून पाहून घ्यावेत.

हातांकडेही लक्ष द्यावे. क्लच आणि पुढचा ब्रेक बोटांच्या मधल्या पेरात नीट येतो का? लहान पंजाच्या मुलामुलींना बऱ्याच गाड्यांचा क्लच ताणून धरावा लागतो, मग मनगट दुखते. पुढे वाकून चालवायच्या ज्या स्पोर्ट्स गाड्या निघाल्या आहेत, त्यांच्यावर शरीराचा बराच भार मनगटावर येतो. बोटांना मुंग्या आणि मान-कंबर दुखण्याची तक्रार घेऊन येणारी वीस-बावीस वर्षांची मुले मी पाहतो.

ताकदीबद्दल एकच हिशेब सांगतो. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एस.टी.च्या दीड गाडीएवढे अंतर संपलेले असते. पुढे वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. गळीत हंगामात पेठ नाका ते आष्टा या रस्त्याने रात्री गेलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला, आणि पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी. नवशिक्याने पहिल्या हंगामात तरी रात्रीची गाडी चालवू नये. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि सांडलेले पाचट. त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक घसरते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना ए.बी.एस. आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक सक्तीचा आहे. ए.बी.एस. चाक अडकू देत नाही. परवडत असेल तर दिखाऊ पट्ट्यांऐवजी पैसे यावर घालावेत.

अठरा पूर्ण झाल्याशिवाय मोटारसायकल मुलाच्या हाती देऊ नये. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. "आमचा सातवीपासून चालवतो" हे कौतुकाने सांगणारे वडील मला अजून भेटतात.

पहिली गाडी घेणारे सगळे तरुण नसतात. चाळिशीनंतर शिकणाऱ्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका माझ्याकडे येतात. त्या वयात लायसनसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि "तपासू नका हो, नुसती सही द्या" अशी गळ घातली जाते. त्या फॉर्मवर एक साधी कसोटी आहे : उजेडात २५ मीटरवरून गाडीच्या नंबरप्लेटचे आकडे वाचता येतात का. घरीच करून पाहा. फिट येत असेल तर लपवू नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, ती घेऊन गाडीवर बसू नका. साडी-ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्यावी.

हेल्मेटचे पैसे गाडी ठरवतानाच बाजूला काढावेत. आय.एस.आय. शिक्का पाहावा, घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि पट्टा लावून मान हलवली तर ते फिरता कामा नये. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदलावे. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी उठून बसतो, चहा पितो, बोलतो. पण आत रक्त साठत असते आणि काही तासांनी तो बेशुद्ध पडतो. त्या दिवशी वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर घरी झोपवून ठेवू नये. १०८ ला फोन करून, सी.टी. स्कॅनची सोय असेल अशा ठिकाणी न्यावे.

सायलेन्सरचा चटका ही नवशिक्याची ठरलेली खूण. वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली पाय धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नये. सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण भाजलेल्या कातडीवर तीही नको. फोड फोडू नयेत, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टरांना सांगावे.

घाटात पडलेल्या त्या मुलाच्या पोटरीवर डाग अजून आहे. मोठी गाडी विकून त्याने शंभर सी.सी.ची घेतली, आणायच्या आधी मला शोरूममधून फोन केला, "सर, दोन्ही टाचा टेकतात." यंदा पुन्हा कासला जायचे म्हणतो. वडिलांनी एस.टी.ने जा म्हणून सांगितले आहे.