फळांच्या रसाचा गार मसाला चहा



वैशाखातली दुपार. बाहेर ऊन रणरणते आहे आणि अशा वेळी दारात पाहुणा येऊन उभा राहतो. त्याच्यापुढे काय ठेवायचे? कढत चहा पुढे केला तर तो नको म्हणणार नाही, पण घाम पुसत पुसत पिईल. पन्हे, ताक, कोकमाचे सरबत ही आपली जुनी, गुणी पेये आहेतच. त्यांची जागा कोणी घ्यावी असे मी म्हणत नाही. पण चहाची तल्लफ ती तल्लफच. ती ताकाने भागत नाही. अशा वेळी करता येईल असे एक पेय आज मला सांगायचे आहे. आल्या-दालचिनीचा कोरा चहा, त्यात संत्र्याचा आणि लिंबाचा रस, आणि सगळे गारेगार. थोडक्यात, फळांच्या रसाचा गार मसाला चहा.

गार चहा हे ऐकूनच काही मंडळी नाक मुरडतील. "चहा गार झाला" ही आपल्याकडे तक्रार असते, कौतुक नव्हे. पण अमेरिकेत हा प्रकार शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला आहे. १९०४ साली सेंट लुईस शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे हिंदुस्थानी चहाचा प्रचार करण्यासाठी रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ गेले होते. उन्हाळा कडक, गरम चहाकडे कोणी फिरकेना. तेव्हा त्यांनी तो बर्फावरून गार करून द्यायला सुरुवात केली आणि लोकांची रीघ लागली, अशी हकीकत सांगतात. गार चहाचा शोधच त्यांनी लावला असे मात्र कोणी समजू नये. १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' या पाकशास्त्राच्या पुस्तकात बर्फ घालून, लिंबू पिळून चहा करण्याची कृती छापलेली आहे. म्हणजे प्रदर्शनाने त्याचा बोलबाला केला, एवढेच.

आता कृतीकडे वळू. पाच माणसांचे प्रमाण सांगतो. पाणी सहाशे मिलिलिटर, म्हणजे साधारण तीन पेले. चहाची पूड सपाट चार चमचे. आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून, दालचिनीचा तेवढाच तुकडा, चार वेलदोडे, दोन लवंगा. परसात गवती चहा असेल तर त्याची दोन-तीन पाती. साखर किंवा चिरलेला गूळ पाच-सहा चमचे. दोन संत्री किंवा मोसंबी आणि एक रसाळ लिंबू. कैरीच्या दिवसांत उकडलेल्या कैरीचा दोन-तीन चमचे गर घेतला तरी छान लागतो. मग लिंबाची गरज नाही.

आधी पाण्यात फक्त मसाला घालावा आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटे मंद उकळू द्यावे. मसाल्याचा वास त्यातल्या तेलांत असतो. दालचिनीसारख्या टणक सालीतून तो बाहेर यायला वेळ लागतो, आणि झाकण नसेल तर तो वाफेबरोबर स्वयंपाकघरभर जातो, पेल्यात येत नाही. लवंगा मात्र दोनच. हात सैल सोडलात तर चहाला दातदुखीच्या औषधाची चव येईल!

आता भांडे चुलीवरून उतरवावे आणि मगच चहाची पूड घालावी. चार मिनिटे झाकून ठेवून गाळून घ्यावे. दुधाच्या चहासारखी पूड खळाखळा उकळू नये. उकळली की चहातला तुरटपणा भरमसाट उतरतो. दुधाच्या चहात तो खपून जातो, कारण दुधातले प्रथिन त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवते. इथे दूध नाही. आणि ते घालायचेही नाही, कारण आंबट रस पडला की दूध नासणार.

गाळलेला चहा गरम आहे तोवरच साखर किंवा गूळ विरघळवून टाकावा. गार पाण्यात साखर फार हळू विरघळते. तळाशी बसते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. फळांचा रस मात्र चहा पुरता निवल्यावर घालावा, म्हणजे त्याचा ताजा वास आणि त्यातले क जीवनसत्त्व उष्णतेने वाया जात नाही. एक गोष्ट ध्यानात असू द्या. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून कोमट असताना चाखून बेताचा गोड लागला, तर गार झाल्यावर थोडा अगोड लागेल.

भांड्याबद्दल एक इशारा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात हा चहा ठेवू नये. आंबट पदार्थ त्यात कळकतो आणि पोटाला बाधतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. स्टीलचे किंवा काचेचे भांडे उत्तम.

आता मुख्य प्रश्न, गार कसे करायचे? फ्रीज असेल त्यांचे काम सोपे. पण ज्यांच्याकडे नाही, किंवा आहे पण वीज नाही, त्यांनी माठाची युक्ती वापरावी. परातीत बोट-दोन बोटे पाणी घ्यावे, त्यात चहाचे झाकलेले भांडे ठेवावे, भोवती ओले फडके गुंडाळून त्याची टोके पाण्यात सोडावीत आणि परात वाऱ्याच्या वाटेवर सावलीत ठेवावी. फडक्यातल्या पाण्याची वाफ होताना ती भांड्यातली उष्णता घेऊन जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही युक्ती झकास चालते. कोकणात हवा दमट असल्यामुळे वाफ कमी होते आणि गारवाही कमीच मिळतो.

बर्फ वापरायचाच असेल तरीही चहा आधी असा निववून घ्यावा. याचा हिशेब शाळेतल्या मुलांकडून जरूर करवून घ्यावा. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. शंभर ग्रॅम चहा ६० अंश सेल्सिअसवर असताना त्यात ६० ग्रॅम बर्फ टाकला, तर भांड्याची उष्णता सोडून देता तो साडेसात अंशांवर येतो, आणि पाणी मात्र निम्म्याहून जास्त वाढते. तोच चहा ओल्या फडक्याने २५ अंशांपर्यंत आणला, तर २५ ग्रॅम बर्फात तो ४ अंशांवर येतो. म्हणजे निम्म्याहून कमी बर्फात जास्त गारवा, आणि चहाही पाणचट होत नाही.

आणि आता मी जे सांगणार आहे, ते या सगळ्या कृतीपेक्षा महत्त्वाचे आहे. एके काळी बर्फ ही राजेरजवाड्यांची चैन होती. १८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज तिथल्या गोठलेल्या पाण्याचा बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता; चार महिन्यांचा प्रवास करून सुमारे १०० टन पोचला. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. आज बर्फ जत्रेत, एस.टी. स्टँडवर, आठवड्याच्या बाजारात, कुठेही मिळतो. पण तो कशासाठी केलेला आहे, हे कोण विचारतो? मासळी टिकवण्यासाठी, माल गार ठेवण्यासाठी जो बर्फ होतो, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. लाद्या गोणपाटात गुंडाळून, जमिनीवरून ओढत आणलेल्या आपण पाहतोच.

पुष्कळांची अशी समजूत असते की, एवढ्या थंडीत रोगजंतू जगणार कसे? ही समजूत चुकीची आहे. गोठल्याने जंतू मरतातच असे नाही. बरेचसे नुसते झोपी जातात. बर्फ पेल्यात वितळला की ते पुन्हा जागे. विषमज्वर, पटकी, हगवण, आणि पाण्यातून पसरणारी कावीळ हे सगळे पाहुणे या वाटेने घरात येऊ शकतात. चहा उकळलेला आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि शेवटच्या क्षणी त्यात न उकळलेल्या पाण्याचा खडा टाकतो! मग उकळण्याचा उपयोग काय? २०१८ साली आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणासाठी दंडक घातला की, न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळावा. तेव्हा निळसर बर्फ दिसला तर त्याला हात लावू नका. पण पांढरा दिसला म्हणून लगेच विश्वासही टाकू नका.

मग करावे काय? पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे, झाकून निववावे आणि त्याच पाण्याचा बर्फ घरी करावा. नाहीतर बर्फ पेल्यात न टाकता पेल्याबाहेर ठेवावा. पातेल्यात बर्फ आणि त्यात चहाचे घट्ट झाकणाचे भांडे. बर्फाचे पाणी आत जाता कामा नये. गारवा तेवढाच मिळतो आणि धोका टळतो. फळे कापण्यापूर्वी ती, सुरी आणि हात स्वच्छ धुवावेत, हे वेगळे सांगायला नको. तयार चहा फ्रीजबाहेर दोन-तीन तासांच्या वर ठेवू नये. साखर, फळाचा रस आणि उन्हाळा हे तिन्ही एकत्र आले की जंतूंची चंगळ होते. काही ठिकाणी पाण्यात पूड घालून भांडे उन्हात ठेवून चहा करतात. तेही टाळावे, कारण उन्हाने पाणी कोमट होते, उकळत नाही.

हा चहा कोणी प्यावा, कोणी पिऊ नये, तेही सांगितले पाहिजे. लहान मुलांना चहा नकोच. त्यांच्यासाठी हीच कृती चहाची पूड वगळून, नुसत्या गवती चहावर करावी. मुले आनंदाने पितात. मधुमेही माणसाने साखर तर टाळावीच, पण फळाच्या रसातही साखर असते हे विसरू नये. आणखी एक गोष्ट विशेषतः आयाबहिणींसाठी. चहातली तुरट द्रव्ये भाकरी-भाजीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. आपल्याकडे कितीतरी मुलींच्या आणि गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असते. त्यांनी जेवणाबरोबर चहा घेऊ नये. निदान तासाभराचे अंतर ठेवावे. जेवणात लिंबाची फोड मात्र जरूर असावी, कारण क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते. आणि ऊन लागलेल्या माणसाला हा चहा औषध म्हणून पाजू नका. त्याला सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्याने गार करा, शुद्धीवर असेल तर पाणी, मीठ-साखरेचे पाणी द्या आणि दवाखान्यात न्या.

आता थोडे शिक्षक मंडळींसाठी. या एका पेल्यात विज्ञानाचे दोन-तीन धडे आहेत. काचेच्या पेल्यात कोरा चहा घेऊन त्यात लिंबू पिळा. गडद रंग डोळ्यांदेखत फिका पिवळसर होतो. चहातले रंगद्रव्य आम्लाने रंग बदलते. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. आम्ल संपले की रंग पुन्हा गडद होतो. हा पेला अर्थात कोणी प्यायचा नाही. दुसरे, बोअरच्या जड पाण्याचा कोरा चहा आणि पावसाच्या पाण्याचा कोरा चहा शेजारी शेजारी ठेवा. जड पाण्याच्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो. तो तेलाचा नसून पाण्यातल्या चुन्यामुळे आलेला असतो. लिंबू आधीच पिळलेल्या चहावर तो धरत नाही. तिसरे, कडक कोरा चहा एकदम गार केला तर तो गढूळ होतो. नासला असे समजून ओतून टाकू नका. चहातली काही द्रव्ये गारव्याने एकमेकांना बिलगतात, म्हणून तो गढूळ दिसतो. थोडे कढत पाणी घाला, पुन्हा नितळ होईल. गढूळ होऊ नये असे वाटत असेल तर चहा आधी आपोआप निवू द्यावा आणि मग गार करावा.

तर मंडळी, पाच माणसांना पुरेल असा हा चहा घरच्या जिनसांत होतो. बाजारातल्या रंगीत बाटल्यांपेक्षा तो स्वस्त, आणि त्यात साखर किती पडली हे आपल्या हातात. संत्र्याऐवजी डाळिंब घ्या, अननस घ्या, गावात जे पिकते ते घ्या. मसालाही आपापल्या आवडीने कमी-जास्त करा. यात कोणतीही फेरफार करायला हरकत नाही. फेरफार करायची नाही ती एकाच बाबतीत. पाणी उकळलेले हवे, आणि बर्फही उकळलेल्याच पाण्याचा हवा. गारवा थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण पाहुणा आपल्या घरून जाताना सुखरूप गेला पाहिजे.