जिभेची पुनर्रचना आणि मूर्धन्य ध्वनी : पालघर परिसरातील बोलींच्या अनुषंगाने

मुखकर्करोगाच्या उपचारात रोगी वाचेल काय, हा पहिला प्रश्न. तो पुन्हा कसा बोलेल, हा दुसरा. भाषाशास्त्राचा संबंध दुसऱ्याशी येतो.

पहिल्याविषयी थोडक्यात इतकेच की, व्याधी लवकर उमगणे निर्णायक ठरते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. रोग आरंभावस्थेत असून मानेत गाठ जाणवत नसतानाही ज्यांच्या तेथील ग्रंथी प्रथमच काढल्या, त्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

जिभेचा छेदलेला भाग भरून काढण्यासाठी पुष्कळदा हाताच्या मनगटाजवळील पातळ त्वचा रक्तवाहिन्यांसह आणून शिवतात. तिने जागा भरते. ती स्वतः मात्र हलत नाही. उच्चार अवलंबून राहतो तो उरलेल्या जिभेच्या चपळतेवर. म्हणून ओठ शाबूत असल्यास प, ब, म सहसा टिकतात. त, द, ल ढिले पडतात. आणि जिव्हाग्र मागे वळवून करावयाचे ट, ड, ण, ळ विशेष अवघड होतात. तिकिटाच्या खिडकीवर ‘बोईसर’ म्हणणे एक वेळ निभावेल; ‘डहाणू’त मात्र दोन मूर्धन्य ध्वनी आहेत! टाळूस कृत्रिम तबक बसवून ती खाली आणल्यास तोकड्या जिभेचा स्पर्श काहीसा साधतो.

मुंबईस उपचार घेऊन पालघरकडे परतणाऱ्या रोग्याच्या बाबतीत येथे एक निराळीच अडचण उद्भवते. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी-आगरी बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ व ‘काळा’चे ‘काला’ होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील हिंदीभाषक कामगाराच्या वाणीत तर ळ मुळातच नाही. अशांची परीक्षा प्रमाण मराठीच्या शब्दयादीने घेतल्यास बोलीचे लक्षण शस्त्रक्रियेच्या माथी मारले जाईल, आणि जो ध्वनी रोग्याने जन्मात उच्चारला नाही तो शिकविण्यात उपचाराचे मोलाचे दिवस खर्ची पडतील. उलटपक्षी ‘बाळ’ व ‘बाल’ यांत भेद करणाऱ्याने ळ गमावला, तर ती खरी हानी होय; संदर्भाने ऐकणाऱ्याचे काम भागते, एवढ्यावरून ती दुर्लक्षिणे योग्य नव्हे.

यास्तव शस्त्रक्रियेपूर्वीच रोग्याचे त्याच्या घरच्या माणसांशी चाललेले संभाषण ध्वनिमुद्रित करून ठेवावे. चाचणीचे शब्द त्यातूनच निवडावेत : नातेवाइकांची नावे, गावांची नावे, मासळीची नावे. उपचारानंतरची तुलना याच शब्दांशी करावी.