थंड देशातली भाड्याची गाडी

उन्हाळ्याच्या सुटीत आइसलँडला जाऊन भाड्याने गाडी घ्यायची, तर आपला पहिला प्रश्न असतो, 'एसी आहे ना?' तिथे जुलैत राजधानी रेक्याविकचे सरासरी तापमान जेमतेम ११ अंश असते. गारव्यासाठी एसी लागतच नाही. पण पावसात चौघांच्या श्वासाने काचा आतून धुरकटतात. तेव्हा एसी हवेतले बाष्प काढून घेतो आणि हीटर काच तापवतो. दोन्ही एकदम लावले की काच लवकर स्वच्छ होते.

मग पैसे खर्चायचे कशावर? देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडला उन्हाळ्यात साधी गाडी पुरते. मात्र ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' असतो, त्या डोंगरवाटांवर फोर-व्हील ड्राइव्हच हवी. तिथे पूल नसलेल्या नद्या ओलांडाव्या लागतात आणि पाण्याने इंजिन बिघडले, तर विमा सहसा भरपाई देत नाही. सोसाट्याच्या वाऱ्याने दार उलटे फिरून मोडते. तेही बहुधा विम्याबाहेरच. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, म्हणजे वारा दार मिटवायलाच बघतो. उडत्या खडीचा विमा वेगळा असतो, तो जरूर विचारावा.

तिथे वाहतूक उजवीकडून चालते. उजव्या हाताने गिअर टाकायची आपल्याला सवय नाही. ऑटोमॅटिकसाठी चार पैसे जास्त मोजलेले बरे. आणि सही करण्यापूर्वी अटी वाचा. घरी परतल्यावर दुरुस्तीचे बिल मागोमाग यायला नको!