मोकळ्या जागांचे शहर : फेरारा, सायकलवरून

इटलीच्या सहलीत रोम, फ्लॉरेन्स, पिसा आणि व्हेनिस ही नावे ठरलेलीच असतात. व्हेनिसहून फ्लॉरेन्सकडे निघालेली पर्यटकांची बस पो नदी ओलांडते आणि फेरारा शहराला बगल देऊन बोलोन्याकडे धावते. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलेले हे शहर आपल्याकडच्या बहुतेक प्रवाशांच्या नजरेतून असे निसटते. लांबच्या प्रवासात मध्येच एक दिवस विश्रांतीसाठी राखायचा असेल, तर तो इथे घालवावा आणि सायकलवर घालवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. प्रवासात पाय दुखतात ते रात्रीच्या झोपेने बरे होतात. घाईचा शीण मात्र झोपेने जात नाही. वेळेचे गणित, गाइडचा झेंडा, रांगा आणि पुढच्या ठिकाणाची धास्ती यांनी मन थकलेले असते. त्याला विसावा हवा असेल, तर खोलीत पडून राहण्यापेक्षा ज्या शहरात कसलीच निकड नाही तिथे संथपणे फिरणे जास्त गुणकारी ठरते. फेरारा तसे शहर आहे, आणि त्यामागे पाचशे वर्षांचा इतिहास आहे.

एस्ते घराण्याची ही राजधानी. गावाच्या मधोमध असलेला, पाण्याने भरलेल्या खंदकातला विटांचा किल्ला त्यांनी १३८५ मध्ये बांधायला घेतला. पुढे १४८२ ते १४८४ या काळात व्हेनिसशी युद्ध झाले आणि शत्रूचे सैन्य उत्तरेकडून थेट शहराच्या तोंडाशी आले. त्यातून धडा घेऊन ड्यूक एर्कोले पहिला याने १४९२ पासून शहर उत्तरेला वाढवायला सुरुवात केली. हे काम वास्तुकार ब्याजो रोस्सेत्ती याच्याकडे होते. त्याने जुन्या तटाबाहेरचा खंदक बुजवून तिथे रुंद रस्ता काढला, त्या रस्त्याने जुन्या गल्ल्या आणि नवी वस्ती एकमेकींना जोडल्या, आणि सगळ्याला मिळून नवा तट घातला. शहराचे क्षेत्र दुपटीहून अधिक झाले. याकोब बुर्कहार्ट या इतिहासकाराने १८६० मध्ये फेराराला युरोपातले पहिले आधुनिक शहर म्हटले, ते याच आखणीमुळे. पण ज्या वाढीसाठी एवढी जागा राखली, ती वाढ झालीच नाही. ड्यूक दुसरा आल्फोन्सो १५९७ मध्ये औरस वारसाविना वारला, पोपने शहरावर हक्क सांगितला आणि १५९८ मध्ये एस्ते दरबार मोदेनाला हलला. दरबाराबरोबर वैभवही गेले. तटाच्या आत घरांसाठी राखलेल्या कितीतरी जमिनी बागा, मळे आणि कुरणे म्हणूनच राहिल्या. त्या काळी हे दुर्दैव होते, पण आज तीच फेराराची श्रीमंती आहे. इथे दोन वास्तूंच्या मधली मोकळी जागासुद्धा इतिहासाचा भाग आहे.

ही मोकळी जागा कशी पाहायची, हा खरा प्रश्न आहे. मोटारीतून ती कळत नाही, आणि जुन्या शहराच्या बऱ्याच भागात परवान्याविना मोटार नेताही येत नाही. सगळेच पायी करायचे म्हटले तर अंतरे अंगावर येतात. शहराभोवतीचा तट सुमारे नऊ किलोमीटरचा आहे. त्याच्या माथ्यावरून आणि पायथ्याने झाडांच्या सावलीतली वाट जाते. पायी फेरी मारायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो, तर ताशी बारा किलोमीटरच्या रमतगमत वेगाने सायकलवर पाऊण तास पुरतो. पो नदीच्या खोऱ्यातली जमीन सपाट, त्यामुळे गिअर नसलेली साधी, जड सायकलही चालते. फेरारातले लोक रोजच्या कामाला तशीच वापरतात. खांद्याला पिशवी अडकवलेल्या आजी, कोट घातलेले प्राध्यापक, पुढच्या टोपलीत भाजी घेतलेले गृहस्थ असे सगळेच सायकलवर असतात. त्यांच्यात मिसळून गेलेल्या पाहुण्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि विश्रांतीच्या दिवशी याहून वेगळे काय हवे?

किल्ल्याजवळून निघून तटाच्या उत्तर टोकापर्यंत जाणारा एर्कोलेच्या नावाचा रस्ता घेतला की रोस्सेत्तीची करामत कळते. किलोमीटरभराहून लांब, सरळ, दुतर्फा घरांच्या भिंती आणि बागांची कुंपणे. दुकान औषधालाही सापडत नाही. मध्यावर एका चौकात ‘पालात्सो देई दियामान्ती’ म्हणजे हिऱ्यांचा महाल लागतो. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर हिऱ्यासारखे पैलू पाडलेले सुमारे साडेआठ हजार संगमरवरी दगड आहेत. पाय टेकून जवळून पाहिले की लक्षात येते, सगळ्या हिऱ्यांची टोके एका दिशेने नाहीत. खालच्या ओळींत ती किंचित जमिनीकडे, मधल्या ओळींत समोर आणि वरच्या ओळींत आकाशाकडे वळलेली आहेत, म्हणजे उन्हाचा कवडसा प्रत्येक थरावर वेगळा पडावा. त्यातही नक्षीचे कोरीव खांब आणि सज्जा नेमके चौकाच्या कोपऱ्यावर आहेत. रस्त्याने येणाऱ्याला इमारत तिरकी दिसणार, हे धरूनच तिची रचना केली आहे. ठरावीक जागी उभे राहून काढलेल्या फोटोत हे येत नाही; संथ गतीने चौकाकडे येणाऱ्याला ते आपोआप उमगते.

यावर पहिला आक्षेप असा की इतिहास पायीच पाहावा, चाकावरून तपशील सुटतात. हे अर्धे खरे आहे. शहराच्या दक्षिण भागात, जिथे पूर्वी पो नदीचा प्रवाह होता, तिथे मध्ययुगीन व्यापाऱ्यांची ‘व्हिया देल्ले व्होल्ते’ ही कमानींची अरुंद गल्ली आहे. तिची फरसबंदी नदीतल्या गोट्यांची, सायकलवर हाडे खिळखिळी करणारी. तिथे उतरून चालणेच शहाणपणाचे. जवळच १६२७ मध्ये ज्यूंना ज्या वस्तीत कोंडले, ते गेट्टो आहे. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी याच समाजाला पुन्हा वेगळे काढले, आणि जॉर्जो बास्सानीने १९६२ च्या ‘फिन्झी-कोन्तिनींची बाग’ या कादंबरीत त्या काळाची व्यथा मांडली. पूर्वीच्या तुरुंगाच्या जागेत आता इटालियन ज्यू समाज आणि नरसंहार यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. अशा जागा मजेत फिरायच्या का, असेही कोणी विचारील. पण माझ्या मते त्यांना न्याय देण्यासाठीच मोकळा दिवस हवा. घाईत आलेला माणूस फलक वाचतो आणि पुढे जातो. ज्याच्या हाताशी वेळ आहे तो थांबून ऐकू शकतो. सायकलने अंतर झटपट कापले जाते, आणि वाचलेला वेळ अशा जागी खर्च करता येतो.

स्किफानोया महालातल्या ‘महिन्यांच्या दालनात’ तर भारतीय वाचकाने तासभर तरी थांबावे. १४७० च्या सुमारास रंगवलेल्या या भिंतींवर प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे आहेत. वर देवतेची मिरवणूक, खाली ड्यूक बोर्सोच्या दरबाराचा दिनक्रम आणि मध्ये रास व तिचे तीन अधिपती. फ्रान्चेस्को देल कोस्सा याने रंगवलेल्या मार्चच्या चित्रात मेष राशीचा पहिला अधिपती म्हणून एक सावळा पुरुष उभा आहे. अंगावर फाटकी पांढरी वस्त्रे, कमरेला दोरी. तो ग्रीक पुराणातला कोणीच नाही. आबी वारबुर्ग या कला-इतिहासकाराने १९१२ मध्ये रोमच्या परिषदेत त्याचे मूळ दाखवून दिले: वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’तले मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचे, म्हणजे राशीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्याचे, वर्णन अबू मअशर या बगदादच्या ज्योतिष्याच्या ग्रंथातून युरोपात पोचले आणि फेराराच्या भिंतीवर चढले. आपल्या पंचांगी परंपरेतली ही आकृती मधल्या अंधूक पट्ट्यात शोधायला निवांतपणा लागतो.

दुसरा आक्षेप पो नदीच्या काठाने रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्या सायकलस्वारांचा असू शकतो. विश्रांतीच्या दिवशीही सायकल कशाला, असे ते विचारतील. पण सामानाच्या थैल्या खोलीत ठेवून, सपाट जमिनीवर, हवे तिथे थांबत केलेल्या चार-सहा किलोमीटरांनी आखडलेले स्नायू सैल होतात. मग गल्लीतल्या एखाद्या साध्या खानावळीत लाल भोपळ्याचे सारण भरलेले ‘कापेल्लाच्ची’ आणि चार शिंगांसारख्या पिळाचा ‘कोप्पिया’ पाव खायला भूकही लागते. मात्र सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात आणि दुपारी अनेक दुकाने दार लावतात, एवढे ध्यानात ठेवावे. उन्हाळा इथे उकाड्याचा आणि हिवाळा धुक्याचा, म्हणून वसंत किंवा शरद ऋतू निवडावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फेरारा सपाट आहे म्हणून हे जमते. सिएना किंवा पेरुजासारख्या डोंगरावरच्या गावांत हा सल्ला कुचकामी ठरेल. तिथे पायीच फिरावे, हे मान्य. पण नुसत्या सपाटीने शहर सायकलचे होत नाही. जगातली किती सपाट शहरे मोटारींनी गिळली आहेत! फेरारात तटाची डागडुजी करून त्याच्या वाटा खुल्या ठेवणे, गाभ्यातून मोटारी दूर ठेवणे, मळे व बागांच्या जागांवर इमारती न चढवणे हे लोकांनी आणि नगरपालिकेने घेतलेले निर्णय आहेत आणि ते दर पिढीला नव्याने राखावे लागतात. तासाभरासाठी बसने आलेला पर्यटक किल्ल्यासमोर फोटो काढून निघून जातो. मुक्काम करून भाड्याच्या सायकलीवर हिंडणारा माणूस मात्र बेकरीत, खानावळीत, सायकलच्या दुकानात पैसे सोडतो आणि मोकळी जागा राखण्यातही शहराचा फायदा आहे याचा पुरावा देतो. म्हणून फेरारातला विश्रांतीचा दिवस हा प्रवासातला वाया गेलेला दिवस धरू नये. त्यात प्रवाशाचे मन ताजे होते, आणि ज्या आखणीने पाचशे वर्षे हे शहर माणसाच्या मापाचे ठेवले, तिच्या बाजूने आपलेही एक मत पडते.