विश्लेषण : डोक्यात रंगाचा डबा बसतो, तरी हसू का येते? ‘होम अलोन’ ३५ वर्षांनंतरही का पाहिला जातो?

आठ वर्षांच्या मुलाला घरचे लोक विसरून परदेशी निघून जातात. घरात शिरण्यासाठी दोन चोर टपून बसलेले असतात. पोलीस एकदा दार वाजवून परत जातात. एवढेच सांगितले तर ही एखाद्या भयपटाची गोष्ट वाटेल. प्रत्यक्षात हा जगभरात दर नाताळाला घराघरांत पाहिला जाणारा विनोदी चित्रपट आहे. ‘होम अलोन’ १६ नोव्हेंबर १९९० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. चोरी, मारहाण आणि हरवलेले मूल अशा विषयावर प्रेक्षक आजही का हसतात?

कथा काय आहे?

शिकागोजवळच्या उपनगरात राहणारे मॅकॅलिस्टर कुटुंब नाताळासाठी पॅरिसला निघाले आहे. आदल्या रात्री पिझ्झावरून भांडण होते. धाकट्या केव्हिनला शिक्षा म्हणून माळ्यावर झोपायला पाठवले जाते. सगळे घर नाहीसे व्हावे, असे तो रागाच्या भरात म्हणतो. रात्री वीज जाते, घड्याळाचा गजर वाजत नाही. सकाळच्या धावपळीत मोजणीत शेजारचा एक मुलगा धरला जातो आणि केव्हिन मागे राहतो. आईला हे आठवते तेव्हा विमान हवेत असते. इकडे हॅरी आणि मार्व्ह हे दोन चोर सुट्टीवर गेलेल्यांची घरे साफ करत फिरत असतात. केव्हिन घरातल्याच वस्तूंनी सापळे लावतो.

पटकथाकार आणि निर्माते जॉन ह्यूज यांना ही कल्पना स्वतःच्या प्रवासाची तयारी करताना सुचली होती. काय काय विसरायचे नाही, याची यादी करताना ‘मुलांनाच विसरलो तर?’ हा प्रश्न त्यांच्या मनात आला.

समीक्षकांना काय खटकले?

दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांच्या या चित्रपटाचा खर्च वाढतो आहे, असे दिसल्यावर वॉर्नर ब्रदर्सने अंग काढून घेतले आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तो हाती घेतला. प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अडीच तारे दिले. आठ वर्षांचा मुलगा असे सापळे लावू शकेल, हे त्यांना पटले नाही. प्रेक्षकांनी मात्र वेगळाच कौल दिला. सलग १२ आठवडे हा चित्रपट अमेरिकेत कमाईत पहिल्या क्रमांकावर राहिला. सुमारे १.८ कोटी डॉलरमध्ये तयार झालेल्या चित्रपटाने जगभरात ४७ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

इतकी मारहाण असूनही हसू का येते?

तापून लाल झालेली दाराची मूठ, डोके भाजणारी ज्वाला, जिन्यावरून येणारा रंगाचा डबा, अनवाणी पायाखाली काचेचे शोभेचे गोळे. खऱ्या आयुष्यात यातल्या एकेका प्रसंगाने माणूस रुग्णालयात जाईल. डब्याच्या एका तडाख्याने चेहऱ्याची हाडे मोडतील. तरीही प्रेक्षक हसतात, कारण चित्रपट त्यांच्याशी न बोलता काही अटी पाळतो.

पहिली अट, मार खाणाऱ्याने तो ओढवून घेतलेला असावा. हे चोर मुलांच्या भेटवस्तूंवर डोळा ठेवतात आणि निघताना नळ सुरू ठेवून लोकांच्या घरांत पाणी तुंबवतात. हॅरी तर पोलिसाच्या वेशात येऊन आधी घराची टेहळणी करतो. दुसरी अट, मारणारा दुबळा असावा. दोन दांडग्या पुरुषांसमोर आठ वर्षांचे पोर असल्याने आपली बाजू आधीच ठरते. तिसरी अट, इजा टिकू नये. ‘टॉम अँड जेरी’तल्या मांजरासारखे हे दोघे पुढच्या क्षणी उभे राहतात.

चौथी गोष्ट अभिनयाची. हॅरीची भूमिका करणारे जो पेशी त्याच वर्षी ‘गुडफेलाज’मध्ये अंगावर काटा आणणाऱ्या गुंडाच्या भूमिकेत होते आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. इथे मात्र राग आला की ते शिव्यांऐवजी अर्थहीन पुटपुटतात. मार्व्ह झालेले डॅनियल स्टर्न यांनी अनवाणी चालण्याच्या दृश्यात रबरी पाय घातले होते. पडापडीची दृश्ये संगणकावर केलेली नाहीत. स्टंट कलाकार खरोखर आपटले आहेत. पडणे खरे दिसते आणि परिणाम खोटा असतो, यातच गंमत आहे.

या अटी मोडल्या तर काय होते?

याचे उत्तर २०२१ मध्ये मिळाले. ‘होम स्वीट होम अलोन’ या नव्या आवृत्तीत घरात शिरणारे सराईत चोर नव्हतेच. पैशांची चणचण असल्याने राहते घर विकण्याची वेळ आलेले ते एक जोडपे होते. त्यांची मौल्यवान बाहुली मुलाने नेली असावी, असा त्यांचा समज झालेला असतो. मुलगा सुखवस्तू आणि मार खाणारे अडचणीतले. समीक्षकांनी चित्रपट झोडपला आणि अनेक प्रेक्षकांची सहानुभूती त्या जोडप्याकडे गेली. सापळे जवळपास तसेच होते, पण हसू गेले.

मग लोक फक्त सापळ्यांसाठी पाहतात का?

नाही. सापळ्यांचा धुमाकूळ चित्रपटाच्या शेवटच्या भागात येतो. त्याच्या आधी चर्चमधला एक शांत प्रसंग आहे. ज्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला, मार्लीला, सगळी मुले खुनी समजून घाबरतात, तो केव्हिनशेजारी येऊन बसतो. मुलाशी भांडण झाल्याने नातीला दुरूनच गाताना ऐकावे लागते, हे तो सांगतो. ‘फोन करून बघा’ असे केव्हिन सुचवतो. मार्लीचे पात्र कोलंबस यांच्या आग्रहामुळे कथेत आले.

अनेकांच्या लक्षात राहत नाही ते पुढचे. एवढे सापळे लावूनही केव्हिन शेवटी चोरांच्या तावडीत सापडतोच. त्याला सोडवतो तो हाच म्हातारा, हातातल्या फावड्याने. एकटे राहण्याची हौस आणि एकटे पडण्याची भीती या दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीत असल्याने हा चित्रपट टिकला.

वयानुसार चित्रपट कसा बदलतो?

लहानपणी हवे ते खा, पलंगावर उड्या मारा, हे स्वातंत्र्य दिसते. आईबाप झाल्यावर नजर आईकडे जाते. ती विमानतळावर तिकिटासाठी दागिने देऊन टाकते आणि अखेरचा प्रवास अनोळखी वादकांच्या गाडीतून करते. नोकरदार प्रेक्षक घराची किंमत विचारतात. विनेट्का येथील ते घर २०२४ मध्ये विक्रीला निघाले, तेव्हा मागणी ५२.५ लाख डॉलर होती. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना तर मुळातच प्रश्न पडतो, की आईने व्हिडीओ कॉल का केला नाही!

पोलंडमध्ये काय घडले?

तिथे पोलसॅट वाहिनी दर नाताळाला हा चित्रपट दाखवते. २०१० मध्ये तो वगळण्याचा विचार झाला, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर विरोध केला आणि वाहिनीला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे सेट मॅक्सवरच्या ‘सूर्यवंशम’ची थट्टा होते, तसे विनोद तिथे केव्हिनवर होतात. फरक एवढाच की लोक थट्टा करतात आणि पाहतातही. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहातही २०२३ मध्ये त्याची निवड झाली.

मुलांना दाखवावा का?

दाखवायला हरकत नाही, पण सोबत बसून. तापलेली मूठ किंवा निसरड्या पायऱ्या हे खेळ पडद्यावरचेच, हे लहानग्यांना आधी सांगावे. चोर आलाच तर सापळा न लावता मोठ्यांना हाक मारायची, हेही. आणि चर्चचा प्रसंग आला की पुढे ढकलू नका. मुलांना तो कंटाळवाणा वाटेल. शेजारी बसलेल्या मोठ्यांपैकी कुणाला तरी मात्र बरेच दिवस न केलेला एखादा फोन आठवेल.